चीक, रोगन आणि ‘बेबी’

एप्रिलच्या भर दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये झाडाखालची जागा मिळाली की लॉटरी लागल्याचा फील येतो. सीट तापत नाही, हँडल चटकत नाही. आणि संध्याकाळी खाली येऊन पाहावं, तर टाकीवर, आरशांवर, काचेवर चिकट ठिपकेच ठिपके! बोट लावलं तर बोट चिकटतं, रुमाल लावला तर रुमाल. मग ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. कुणी म्हणतं पेट्रोल मार, कुणी म्हणतं थिनर. कुणी टूथपेस्ट सुचवतं, कुणी चक्क कोल्ड्रिंक. करोनानंतर या यादीत सॅनिटायझरचीही भर पडली आहे.

नवी गाडी हे सगळं थोडंफार सोसते. तिच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा एक पारदर्शक थर असतो. पहिला मार तो खातो. पण जुनी गाडी असेल तर? आजोबांची पद्मिनी, काकांची राजदूत, बाबांची चेतक? तिच्या अंगावर असलं चिलखत बहुतेक वेळा नसतंच. वर जो दिसतो तो थेट रंग, आणि त्याखाली पत्रा. तिथे आपला रामबाण उपाय चीक तर काढतो, पण जाताना रंगही घेऊन जातो. आणि कधी कधी त्या रंगावर असं काहीतरी असतं, जे परत करून मिळत नाही.

माझ्या बाबतीत ते होतं दोन अक्षरांचं एक नाव.

झाडीपट्टीतली चेतक

माझं गाव सिहोरा. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. चांदपूरचा हनुमान आणि तिथला जलाशय ज्यांना माहीत आहे, त्यांना आमचा रस्ताही माहीत असेल. थोडं पुढे गेलं की मध्य प्रदेश लागतो. धानाची शेतं, बांधावरची मोहाची झाडं, फाल्गुनात पेटलेला पळस. आमच्या या सगळ्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. नावातच झाडी! शेजारच्या गोंदियाचं नाव तर गोंद, म्हणजे डिंकावरूनच पडलं असं सांगतात. जंगलातला डिंक आणि लाख तिथे विकायला यायची म्हणे. १९९९ पर्यंत गोंदियाही आमच्याच जिल्ह्यात होतं. थोडक्यात काय, तर चीक, डिंक, लाख हे आमच्याकडचे घरचेच लोक.

बाबांनी चेतक घेतली १९९७ मध्ये. फिकट निळी, टू-स्ट्रोक. त्याच वर्षी माझा जन्म झाला. आमच्याकडे घरोघरी एक ‘बेबी’ असतेच, आमच्या घरातली मी. तुमसरच्या एका पेंटरकाकांनी चेतकच्या डाव्या बाजूच्या डिकीवर पिवळ्या ऑइलपेंटने लिहिलं : ‘बेबी’. खाली लाल रंगाची सावली, वेलांटीला छोटासा झोकदार फटकारा. त्या काळी दुकानांच्या पाट्या अशाच हाताने लिहिल्या जायच्या. पुढे फ्लेक्स आला आणि काकांचे ब्रश वाळले.

या चेतकवरून आमच्या घरात काय काय नाही आलं! धानाचं बियाणं, गॅसचं सिलिंडर, दिवाळीचे कपडे, आणि पुढच्या जागेत हँडल धरून उभी राहिलेली मी. सुरू होईना झाली की बाबा तिला एका बाजूला तिरपी करायचे, पुन्हा सरळ करायचे, मग एक किक. ज्यांच्या घरी चेतक होती, त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र लगेच आलं असेल.

२०२१ मध्ये बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं हळूहळू परत आलं, डावा हात चालतो, पण उजवा साथ देत नाही. चेतक अंगणातल्या आंब्याखाली उभी राहिली ती राहिलीच. चार वर्षं. चार मोहोर, चार पावसाळे. आईचं म्हणणं चुकीचं नव्हतं : “कायले पाहिजे ते आता? तिथं धानाचे चार पोते मांडता येतेत.” भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला होता. बाबा यावर काहीच बोलायचे नाहीत. ओसरीतल्या खाटेवरून त्यांना चेतकची डावी बाजू समोर दिसते. मी पुण्याहून फोन केला की जेवण, औषधं, पाऊस असं सगळं बोलून झाल्यावर ते एकच विचारायचे, “डिकीवरची बेबी आता दिसतच नाही गा. काही करता येते का?”

डिकीवर नुसता काळा-तपकिरी लपका दिसत होता. मे महिन्यात मी दहा दिवसांची सुट्टी काढली आणि गावी गेले. जायच्या आधी नागपूरच्या एका डिटेलिंगवाल्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, “मॅडम, थिनर मारू, बफ करू. नाही निघालं तर रिपेंट. एकदम शोरूम कंडिशन!” त्याचंही खरं होतं, बहुतेक गिऱ्हाइकांना शोरूम कंडिशनच हवी असते. मला मात्र तीच नको होती.

जो चीक नसतोच तो चीक

सगळ्यात आधी कळली ती गोष्ट अशी, की ज्याला आपण सरसकट ‘झाडाचा चीक’ म्हणतो ती तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत. आणि तिघांची औषधंही वेगळी.

पहिला प्रकार तर झाडाचा नसतोच. तो किड्यांचा! आंब्याला मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात. ते झाडाचा गोड रस शोषतात आणि जास्तीची साखर मागच्या दाराने बाहेर टाकतात. हाच तो तुमच्या काचेवरचा चिकट फवारा. त्यावर पुढे काळी काजळीसारखी बुरशी वाढते. मुंबईतले पर्जन्यवृक्ष आठवतात? २०१० नंतरच्या काही वर्षांत त्यांच्यावर पिठ्या ढेकणाचा हल्ला झाला आणि कितीतरी झाडं वाळून गेली. त्या किड्यांचीही हीच सवय. तेव्हा ऑफिसच्या पार्किंगमधल्या ठिपक्यांसाठी दरवेळी झाडाला दोष देऊ नका.

ही असते साखर, आणि साखरेला लागतं फक्त पाणी. चेतकच्या सीटवर, हँडलवर, पुढच्या मडगार्डवर चार वर्षांचा काळा थर होता. आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहून जाऊ दिली. हे महत्त्वाचं! कोरड्या फडक्याने घासलं तर चिकटलेली धूळ सँडपेपरचं काम करते. मग कोमट पाणी, गाडीचा शाम्पू आणि जुन्या सुती बनियनचं फडकं. दोन तासांत अर्धीअधिक चेतक पुन्हा निळी दिसायला लागली. आई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती, पण काही बोलली नाही.

डिंकाची बाटली आठवतेय?

दुसरा प्रकार म्हणजे डिंक. आमच्या कुंपणाजवळ कडुनिंब आहे, त्याची एक फांदी चेतकच्या हेडलाइटवर येते. तिथे मधाच्या रंगाचे कडक मणी घट्ट बसले होते. नखाने निघेनात, काचेसारखे टणक.

पेट्रोलवाले नेमके इथेच फसतात. डिंक हा मुळात साखरेच्याच लांब साखळ्यांचा बनलेला असतो. तो पेट्रोलला दाद देत नाही, तेलालाही नाही. तुम्ही घासत राहता, डिंक हसत राहतो आणि आजूबाजूचा रंग उडतो. त्याला पाणी दिलं की मात्र तो फुगतो आणि मऊ होतो. शाळेतली डिंकाची बाटली आठवा. टोपण घट्ट बसलं की आपण काय करायचो? गरम पाण्यात धरायचो.

तेच केलं. ओल्या कापडाची घडी मण्यांवर ठेवली, सुकली की पुन्हा ओली केली. अर्ध्या तासाने मणी जेलीसारखे लिबलिबीत झाले आणि बोटाने उचलून आले. खाली रंग शाबूत! एक अपवाद लक्षात ठेवा, पळसाचा लाल डिंक. बाळंतिणीला देतात तो कमरकस. त्यात टॅनिन भरपूर असतं, त्यामुळे डिंक निघाला तरी तांबूस डाग मागे राहू शकतो. म्हणून तो ताजा असतानाच धुवायचा.

खरा चीक

आता उरली डिकी. आंब्याचा चीक.

दर मे महिन्यात आमच्याकडे कैऱ्या उतरवतात. देठ तुटला की चिकाची चिळकांडी उडते. चार उन्हाळे ती नेमकी ‘बेबी’वर उडत आणि ओघळत राहिली होती. हा चीक इतका जहाल, की तो आंब्याच्या स्वतःच्या सालीलाही भाजतो, काळे चट्टे पाडतो. म्हणून तर जाणते लोक आंबा थोडा देठ ठेवून उतरवतात. काहींच्या हातावर, ओठांवर फोड येतात ते याच्यामुळेच. तेव्हा काम करताना हातमोजे घालायचे, यात लाज नाही.

ओलं कापड ठेवलं. अर्धा तास, एक तास, दोन तास. काहीच नाही. पाण्याने त्याला काडीचाही फरक पडला नाही.

मग थोडं वाचलं आणि लक्षात आलं की गाठ कुणाशी आहे. आंबा, काजू आणि बिब्बा हे एकाच कुळातले. बिब्ब्याच्या रसाने पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायचे, त्या कितीही धुतल्या तरी जात नसत. याच कुळातल्या आणखी एका झाडाच्या चिकापासून जपानमध्ये भांड्यांवरचं ते प्रसिद्ध काळं चकचकीत रोगन बनतं. तो चीक हवेत नुसता वाळत नाही, तो घट्ट विणला जातो, त्याचा चिवट पापुद्रा होतो. हे घडवणारं एन्झाइम हिकोरोकुरो योशिदा या जपानी शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये पहिल्यांदा नोंदवलं. म्हणजे चेतकच्या डिकीवर जे बसलं होतं, ती निव्वळ घाण नव्हती. ते एक प्रकारचं वॉर्निशच होतं!

मी तुमसरला जाऊन पेंटरकाकांना भेटले. सत्तरी ओलांडली आहे, हात थोडे थरथरतात. मोबाइलवरचा फोटो त्यांनी लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. म्हणाले, “थिनर नको लावू बाई. चीक अना रोगन भाऊ-भाऊ आहेत. एकाले मारलं त दुसराबी मरते.”

अख्ख्या प्रकरणाचा फंडा या एका वाक्यात आहे. विचार करा. लॅकर हा शब्दच मुळात आपल्या लाखेवरून आलेला, आणि लाख येते पळसाच्या, कुसुमाच्या फांद्यांवरून. ऑइलपेंटमध्ये वर्षानुवर्षं जवसाचं तेल वापरलं गेलं, तेही झाडाझुडपांचंच. चीक विरघळवायची ताकद ज्याच्यात आहे, त्याच्यात रंग विरघळवायची किंवा सोलायची ताकदही बहुतेक वेळा असते. नव्या गाडीचा रंग कारखान्यातल्या भट्टीत भाजलेला असतो, वर क्लिअर कोट असतो, म्हणून ती वाचते. कोपऱ्यावरच्या गॅरेजात स्प्रे मारून घेतलेला जुना रंग तर कित्येकदा थिनरच्या एका फडक्यात साफ उतरतो. आणि ‘बेबी’ ही अक्षरं ब्रशने काढून उन्हात वाळवलेली. थिनरने आधी गेली असती तीच.

आणि फक्त अक्षरांचा प्रश्न नव्हता. चेतकला वेगळी चासी नाही. तिचा पत्र्याचा सांगाडा हेच तिचं शरीर. रंग गेला की गंज, आणि गंज लागला की तो वरवर राहत नाही, थेट हाडापर्यंत जातो. चेतकच्या पत्र्याचं कौतुक आपण सगळ्यांनीच ऐकलंय. तो पत्रा टिकतो तो वरच्या रंगाच्या जिवावर.

तीन दिवस, एक वाटी तेल

काकांनीच उपाय सांगितला. तेल. तेही आमच्या घरात होतंच, टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं. तुमच्याकडे खोबरेल असेल, तेही चालतं. काही जण रॉकेल सांगतात, पण रेशनचं रॉकेल आता आमच्या गावात कुणाकडे उरलेलं नाही.

आधी टेस्ट. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन हलकेच फिरवलं. कापड निळं झालं. म्हणजे क्लिअर कोट नाही, रंग उघडा आहे. ही पांढऱ्या कापडाची टेस्ट प्रत्येक जुन्या गाडीवर करायची, आणि ती कायम लपलेल्या जागी. मग तिथेच तेल लावून रात्रभर ठेवलं. सकाळी रंग जसाच्या तसा. लाइन क्लिअर!

त्यानंतर तीन दिवस एकच कार्यक्रम. तेलात भिजवलेला कापूस चिकावर ठेवायचा, त्यावर प्लास्टिकचा तुकडा, आणि वाट पाहायची. काम फक्त पहाटे, ऊन पत्र्यावर यायच्या आत. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावणं हेच एक धाडस असतं, आणि तापलेल्या पत्र्यावर चीक आणखी पसरतो. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी थराच्या कडा किंचित उचलल्या. मुदत संपलेलं एटीएम कार्ड आडवं धरून, वर तेलाचा थेंब सोडत, तांदळाच्या दाण्याएवढा एकेक तुकडा काढत गेले. ब्लेड नाही, तारेची घासणी नाही. आधी लाल सावली दिसली, मग ‘बे’ची मात्रा.

मधूनमधून स्पिरिटचा मोह व्हायचा. खरं सांगायचं तर क्लिअर कोट असलेल्या नव्या गाडीवर कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसणं हा चांगला उपाय आहे. सुकला नसेल तोवर चीक पटकन निघतो. उरलेली खरखर डिटेलिंगच्या क्ले बारने जाते. पण इथे हाताने लिहिलेली पिवळी अक्षरं होती. म्हणून तेल आणि तेलच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘बेबी’ दिसली. जवळजवळ पूर्ण. फक्त ‘बी’च्या वेलांटीवर एक तपकिरी छाया राहिली. तिथे वर चीक उरलेलाच नव्हता, त्याचा रंग खाली मुरला होता. तेलाने तो हलेना. आता दोनच रस्ते होते. पॉलिशने घासत जायचं, म्हणजे डाग फिका होईल, पण वेलांटीही पातळ होत जाईल. किंवा आहे तसं सोडायचं. काका म्हणाले होते, वाटलं तर घेऊन ये, हात चालेल तशी पुन्हा लिहून देतो. त्यांचे थरथरणारे हात मी पाहिले होते. आणि नवं लिहिलेलं अक्षर कितीही सुंदर आलं तरी ते १९९७ चं नसणार होतं.

निर्णय माझा नव्हताच. आईने आणि मी बाबांना धरून अंगणात आणलं, स्टुलावर बसवलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट अक्षरांवरून फिरवलं. वेलांटीवर जरा थांबले.

“घासू का अजून?” मी विचारलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “चार सालं झाडाखाली उभी होती. येवढं त होनारच.”

मग तेल शाम्पूने धुऊन काढलं, रबरावर सांडलेलं नीट पुसलं, कारण तेलाने रबर खराब होतं. वरून कार्नोबा मेणाचा हात दिला. हे मेणही ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं! झाडाने दिलेला डाग झाडाच्याच तेलाने निघाला आणि पुढच्या डागांपासून वाचवायला पुन्हा झाडच आलं. मेणामुळे निदान पुढचा चीक थेट रंगाला भिडणार नाही आणि लवकर निघेल. चेतक आता आंब्याखालून हलवून ओसरीच्या कडेला, छपराखाली लावली आहे, डावी बाजू खाटेकडे करून.

बजाजने चेतकचं उत्पादन कधीच थांबवलं, २००९ मध्ये तर स्कूटरचा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. २०२० मध्ये चेतक इलेक्ट्रिक होऊन परत आली. पुण्यात सिग्नलला ती शेजारी येऊन उभी राहते, आवाज न करता. छानच आहे. तिला तिरपी करावी लागत नाही.

तुमच्या घरीही कुठे तरी झाडाखाली अशी एखादी गाडी उभी असेल. तिच्याकडे जाल तेव्हा पहिल्याच दिवशी थिनरची बाटली उघडू नका. डागावर ओल्या फडक्याची घडी ठेवा आणि अर्धा तास थांबा. धुऊन गेला तर साखर, फुगला तर डिंक, ढिम्म हलला नाही तर खरा चीक. पुढचा रस्ता त्यानंतर ठरवायचा. आणि त्या अर्ध्या तासात घरातल्या जुन्या माणसाला विचारा, या रंगाखाली काय आहे म्हणून.

भंगारवाला परवा पुन्हा येऊन गेला. आईने त्याला पुढच्या महिन्यात ये म्हणून सांगितलं. मागच्या महिन्यातही तिने हेच सांगितलं होतं.